ठमाकाकी उठत नाही

कर्जतच्या बाजारातून नदीकडे उतरताना डाव्या हाताला एक बाग लागते. आपली म्हणायला बाग. चार करंज, दोन बकुळी, एक सोनचाफा, बसायला दगडी कट्टे आणि मधोमध चौथऱ्यावर सिमेंटची एक बाई. पाय पसरून बसलेली. शेजारी टोपली. डोळे मिटलेले. खाली नाव नाही, त्यामुळे जो तो आपल्या मनाने सांगतो. कुणी म्हणतं देवी आहे, कुणी म्हणतं कुठल्याशा हुतात्म्याची आई. दोन्ही खोटं. ती बायजा आहे. मी तिला ओळखत होते. पण बायजा त्या चौथऱ्यावर बसली ती ठमाकाकीमुळे, आणि मला सांगायचं आहे ते ठमाकाकीबद्दल.

लग्न होऊन मी कर्जतला आले ती पन्नास-साठच्या मधली कुठलीतरी वर्षं. यजमान रेल्वेत होते. मला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली, आणि ठमाकाकीच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. काकी विधवा होती. उंच, काटक, आवाज असा की नदीपलीकडच्या गड्याला ती ओट्यावरून हाक मारायची आणि तो यायचा. भाताची खाचरं होती, एक म्हैस होती, आणि एक कोंबडा होता त्याचं नाव तिने मामलेदार ठेवलं होतं. "बग, बग, मामलेदार कसा छाती काढून चाललाय. अंडं एक द्यायचा नाय." खरा मामलेदार रस्त्याने जात असला की ही हाक हटकून जोरात यायची.

पहिल्याच आठवड्यात मी तिला "काकी, तुम्ही जेवलात का?" असं विचारलं. ती हातातलं सूप ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"मी काय कचेरी हाय काय गं, तुमी तुमी करतेस? तू मन. आनि मोठ्यानं बोल. मास्तरीण हायेस ना?"

तेव्हापासून मी तिला तू म्हणू लागले. मोठ्याने बोलायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

"का म्हनून?" हे तिचे आवडते दोन शब्द. गिरणीत बायकांचा डबा मागे ठेवला, का म्हणून? ग्रामपंचायतीच्या सभेत बायांनी दाराबाहेर उभं राहायचं, का म्हणून? तिला भांडायची हौस होती असं लोक म्हणत. मी तिच्या घरात राहिले, मला तसं कधी वाटलं नाही. भांडताना तिचा आवाज उलट खाली यायचा. आणि भांडायला जायचं ते उभ्याने नाही. जिथे कोणी बस म्हणणार नाही तिथे जाऊन ती आधी बसायची आणि मग बोलायला सुरुवात करायची. कचेरीत तर ती सरळ खुर्ची ओढून घ्यायची. शिपाई ओरडला की म्हणायची, "उभ्यानं इसरायला व्हतं रं बाबा."

बायजा ही तिच्या भावाची मुलगी, कशेळ्याच्या पुढच्या एका वाडीत दिलेली. अंगाने बारीक, बोलणं कमी. दिवस भरत आले होते आणि अंगात ताप होता, म्हणून सासूने तिला एस.टी.त बसवून कर्जतला धाडली. सोबत नणंद, तीही पोरच. बाजारातले डॉक्टर दुसऱ्या गावी व्हिजिटला गेलेले, यायला दुपार होणार होती. काकीचं घर बाजारापासून लांब, तेवढं चालायचं बायजाच्या अंगात त्राण नव्हतं. त्या दोघी एका दुकानाच्या ओट्यावर टेकल्या. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाइकाची वाट अडते. मग हॉटेलच्या पायरीवर बसल्या, तिथून उठवलं. मग लाकडाच्या वखारीच्या ओट्यावर. तिथला माणूस म्हणाला, इथे काही भलतंसलतं व्हायला नको, पुढे जा.

पुढे जायला जागाच नव्हती. वखारीच्या मागे, ओंडक्यांच्या आडोशाला, भर दुपारी बायजा बाळंत झाली. नणंदेच्या ओरडण्याने एक कासारीण धावली, तिने काकीला निरोप धाडला. आम्ही दोघी पोचलो तेव्हा मूल गेलेलं होतं. मुलगा होता. काकीने आपलं लुगडं फाडून त्याला गुंडाळलं, बैलगाडी बोलावली आणि बायजाला घरी आणलं. बायजा जगली. पुढे तिला मूल झालं नाही.

काकी रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, स्वच्छ लुगडं नेसून ती बाजारात गेली आणि त्या पहिल्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली. दुकानदार घाबरला.

"काकी, आत या ना. खुर्चीवर बसा. चहा सांगतो."

"मला खुर्ची नको. बायजाला वटा हवा व्हता."

एवढंच. दिवसभर ती तिथे बसली. गिऱ्हाइकं येत, तिला बघत आणि परत फिरत. दुसऱ्या दिवशी हॉटेलची पायरी. तिसऱ्या दिवशी वखार. वखारवाल्याने संध्याकाळी तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, "माझ्या पाया नको पडू. उद्या एकादी बाई हितं टेकली तर तिला उठवू नको." तो हो म्हणाला. पण घरी येताना काकी मला म्हणाली, "आज हो मनतोय. मी मेल्यावर मनंल काय? मास्तरीण, आपली जागा पायजे. कुनी उटव मनायला नको अशी."

नदीच्या रस्त्यावर तिचं एक खाचर होतं, तिच्या बापाने तिला दिलेलं. गाव वाढत वाढत त्याच्या बांधाला लागलं होतं. तिच्या मुलाच्या, भालचंद्रच्या, मनात तिथे चाळ बांधायची होती. काकीने ते खाचर ग्रामपंचायतीला देऊन टाकलं. भर सभेत, आणि अर्थात बसून, तिने सांगितलं, "हितं बाग करा. बाजाराला येनाऱ्या, दवाखान्यात येनाऱ्या बायांना बसायला. त्यांना हितून कुनी उटवायचं नाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अट कुणी लिहून घेतली नाही. काकीला लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना गरज वाटली नाही.

भालचंद्र संतापला. "आये, सगळा गाव जागा घेतो, तू देतेस?" काकी म्हणाली, "तुझ्या बापाचं तुला हाय. ह्ये माझ्या बापाचं हाय."

बाग बायांनीच केली. पावसाळा संपल्यावर आसपासच्या गावांतल्या बाया घमेली घेऊन आल्या. काकी मधे उभी राहून कट्टे कुठे आणि केवढे ते सांगायची. एक कट्टा तिने डोक्याच्या उंचीचा बांधून घेतला. गवंडी हसला, याच्यावर बसणार कोण? काकीने रस्त्याने जाणाऱ्या एका लाकूडमोळीवालीला हाक मारली. ती आली, कट्ट्याला पाठ लावून मोळी अलगद त्यावर सोडली आणि मोकळी झाली. मान वळवून हसली. ओझं उतरवायला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. गवंड्याने पुढचा दगड उचलला.

बाग झाली तशी ती पुरुषांनाही आवडली. करंजाच्या सावलीत पत्त्यांचा अड्डा बसू लागला, आणि बाया पुन्हा बाहेर, उन्हात. काकी एक दिवस तिथे गेली. मला वाटलं आता शिव्या देणार. ती त्या गोलात मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वाट. मला पन वाट."

ते चौघे बघतच राहिले. त्यांतला एक तिचा लांबचा दीर होता. पण सांगणार काय? पानं वाटली. काकीला खेळता येत नव्हतं. ती प्रत्येक पान उचलून विचारायची, "ह्यो कोन? ह्यो राजा काय? मग त्याची रानी कुटं हाय? घरी भाकऱ्या थापतीय काय?" शेजारच्या कट्ट्यांवर बाया गोळा झाल्या, पदर तोंडाला लावून हसू लागल्या. दुसरा डाव मांडायला कुणी थांबलं नाही. परत तो अड्डाही बागेत दिसला नाही.

अशी पुष्कळ वर्षं गेली. बकुळी मोठ्या झाल्या. मंगळवारी, शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, बागेत भाकऱ्यांची फडकी सुटायची, लहान मुलं पालथी निजायची, कुणी कुणाच्या डोक्यातल्या उवा बघायची. पळसदरीहून भाजी घेऊन येणाऱ्या बाया उरलेली भाजी तिथेच आपसांत वाटून घ्यायच्या. मी शाळेतून येताना थोडी टेकायचे. खरं सांगायचं तर गावात घराबाहेर मी निवांत बसले अशी तेवढी एकच जागा.

सत्तरनंतरची गोष्ट. गावातले एक बडे गृहस्थ वारले. त्यांची भातगिरणी होती, जमिनी होत्या, पंचायतीत शब्द होता. माणूस काही वाईट नव्हता, आणि चांगला होता असंही मला सांगता यायचं नाही. त्यांच्या मुलांनी आणि सरपंचांनी ठरवलं की त्यांचा पुतळा बागेत बसवायचा. पुतळ्याभोवती कारंजं, बागेला कुंपण, फाटकाला कुलूप. सकाळ-संध्याकाळ फाटक उघडायचं, एरवी बंद. पुतळ्याचा मान राहिला पाहिजे, तिथे भाकऱ्या सोडून बसणं बरं दिसत नाही.

त्या सुमारास काकी कुंभिवलीला मुलीकडे गेली होती, लावणीला. परत आली तेव्हा बागेत चौथरा उभा होता. सुरेख बांधलेला, चारी बाजूंनी सिमेंट घोटलेला. ठेका भालचंद्रने घेतला होता.

काकीने चौथऱ्याभोवती एक फेरी मारली. हाताने गिलावा चाचपला. "काम चांगलं केलंय पोरानं," ती म्हणाली. मग लुगडं आवरून वर चढली आणि चौथऱ्याच्या मधोमध बसली.

ती तिथे किती दिवस बसली ते मी मोजलं नाही. सकाळी यायची ते अंधार पडेपर्यंत. तिची जागा धरायला बायजा आली, मग कशेळ्याकडच्या इतर बाया येऊ लागल्या. काकी विसाव्याला उतरली की दुसरी वर चढायची. बांगड्या भरणारी हमीदाबी दुपारी डबा घेऊन यायची आणि काकीच्या शेजारी बसून तिला जबरदस्तीने जेवायला घालायची. "उपास-बिपास काय करायचा नाय, ठमाबाय," ती सांगायची. "भुकेल्या मानसाला उचलायला सोपं जातं." काकीला ते एकदम पटलं. ती पोटभर जेवून बसायची.

एका संध्याकाळी भालचंद्र आला. मी काकीला चहा घेऊन गेले होते. तो चौथऱ्याच्या खाली उभा राहिला, आईकडे मान वर करून बघावं लागत होतं त्याला.

"आये, उठ."

"नाय."

"माझी इज्जत जातेय गावात. लोक हसतात. मला हितं धंदा करायचाय."

"तुझी गावात जातेय. बायजाची रस्त्यात गेली."

"त्याला किती वर्षं झाली! अजून तेच काय धरून बसलीस?"

काकीने चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "भालू, तू पन माझंच पोर हायेस. तू झालास तवा मी घरात व्हते, दार लावलेलं व्हतं, सुईन व्हती, गरम पानी व्हतं. म्हनून तू हायेस. जा घरी."

तो गेला. त्यानंतर तो आईशी बोलला नाही. त्या दिवसानंतर नाही आणि पुढेही कधी नाही. एकाच घरात राहून बोलला नाही. काकी मला एकदा म्हणाली, "पोरगा माझाच. तो पन उटत नाय." म्हणताना ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही.

पुतळा आला तो बाजाराचा दिवस होता. हा मुहूर्त कोणी काढला कोण जाणे. बाग बायांनी भरलेली. ट्रक रस्त्यावर उभा, त्यात गोणपाटात गुंडाळलेला पुतळा. हमाल खाली उतरले, चौथऱ्याकडे बघितलं आणि रस्त्याकडेला बसून विड्या ओढू लागले. सरपंचांनी फौजदाराला आणलं. फौजदार नवा होता, तरुण होता.

"आजी, उठा बरं. सरकारी कामात अडथळा आणू नका."

"आजी मन रं राजा. पन ऊट मनू नको."

"ही जागा पंचायतीची आहे."

"मी दिली तवा झाली. कशाला दिली ते त्यांना इचार."

फौजदाराने सरपंचांकडे बघितलं. सरपंच म्हणाले, "तसा काही कागद नाही, साहेब. अटबिट काही नाही. तोंडी काय, कोणी काहीही म्हणतं."

"कागद नाय," काकी म्हणाली. आवाज खाली आला होता. बाग गप्प झाली होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "कागद नाय. मी हाय. सभेत मी मोठ्यानं बोलले व्हते, तू पुढंच बसला व्हतास, सरपंचा. तू टाळी वाजवलीस. आता माझ्या डोळ्यांत बगून सांग, मी काय बोलले व्हते?"

सरपंचांनी बकुळीकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. काकीकडे त्यांना बघता आलं नाही. फौजदार म्हणाला, "तुम्ही बघा काय ते आपसांत. म्हाताऱ्या बाईला हात लावून मी खाली उतरवणार नाही. आणि एवढ्या बाया..." त्याने टोपी घातली आणि निघाला.

ट्रक संध्याकाळपर्यंत उभा होता, मग गेला. तो पुतळा पुढे त्यांच्या भातगिरणीच्या आवारात बसवला. चांगला दिसतो तिथे. शाळेत आमच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून, तुम्ही त्या बाईपासून जरा लांब राहा असं सुचवलं. मी म्हटलं, मी तिच्या घरात राहते, लांब कशी राहू? म्हटलं ते मोठ्याने म्हटलं.

पण काकी चौथऱ्यावरून उतरायला तयार नव्हती. ती म्हणे, "ह्यो रिकामा राहिला की उद्या दुसऱ्याला आनतील. गावात मोठी मानसं मरायची काय थांबनार हायत?" चौथरा फोडावा असं हमीदाबीने सुचवलं, तर काकी म्हणाली, पोराने बांधलाय, फोडवत नाही. मग तिनेच तोड काढली. गावात पेणहून येऊन राहिलेले एक गणपती करणारे कारागीर होते. काकी त्यांच्याकडे गेली.

"एक बाई करून दे. सिमेंटची. बसलेली."

"कोणती बाई? लक्ष्मी? गौर?"

"नुसती बाई."

ते बिचारे गोंधळले. नुसती बाई त्यांनी आजवर केली नव्हती. तुमचीच करतो म्हणाले. काकी उसळली, "मी अजून बसतेय ना? माझा पुतळा कशाला?" आणि तिने बायजाला पुढे केलं.

बायजाने किती नको नको म्हटलं! "आत्या, माझं त्वांड काय पुतळ्याचं हाय?" काकी म्हणाली, "तुझंच हाय." कारखान्यातल्या गणपतींच्या रांगेत बायजाला भिंतीला टेकवून बसवलं. पाय पसर, टोपली बाजूला ठेव, हलू नकोस. उभ्या जन्मात त्या बाईला भर दिवसा असं कुणी बसवलं नव्हतं. घटकाभरात तिला झोप लागली. कारागिराने तिला उठवण्यासाठी हात पुढे केला, तर काकीने तो धरला. "निजू दे. तशीच कर."

म्हणून पुतळ्याचे डोळे मिटलेले आहेत.

पुतळा बसला त्या दिवशी कोणी पाहुणा नव्हता, हार नव्हता. बायांनी दोरांनी ओढून तो वर चढवला. बायजा लाजून बागेबाहेर उभी होती. सरपंचांनी हरकत घेतली नाही. पुढच्या निवडणुकीत बायांची मतंही लागणार होती.

थोड्या महिन्यांनी मात्र निराळंच सुरू झालं. पुतळ्याच्या कपाळावर हळदीकुंकू दिसू लागलं. मग एक नारळ. मग कोणी हिरवं लुगडं नेसवलं. काकीला हे कळताच ती ओला फडका घेऊन गेली आणि भर बाजारात तिने पुतळ्याचं तोंड खसाखसा पुसलं. एक म्हातारी कळवळली, "अगं, देवीचा कोप व्हईल!"

"देवी नाय ती, बायजा हाय!" काकी ओरडली. भांडताना तिचा आवाज चढलेला मी त्या दिवशी ऐकला. "देवी केली की देऊळ आलं. देऊळ आलं की पुजारी आला. मग तो सांगंल, बाहेर बसा, शिवू नका. पुन्ना आपन रस्त्यात! हिला बाईच राहू द्या गं. बाईच!"

नारळ तिने तिथेच फोडला आणि खोबरं मुलांना वाटलं. लुगडं बायजाला नेसवलं.

आठ-दहा वर्षांनी काकी थकली. घरात भालचंद्रचा अबोला तसाच होता. सूनबाई ताट वाढून ठेवायची, पण जेवताना समोर बसायला कुणी नसे. एक दिवस तिने बोचकं बांधलं आणि कुंभिवलीला मुलीकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, "काकी, घर तुझं आहे, तू का जातेस?" तिने माझ्याकडे बघितलं. "मास्तरीण, जागेसाटी भांडता येतं गं. मानसासाटी नाय भांडता येत." तिच्या तोंडून हार मानल्यासारखं मी एवढंच काय ते ऐकलं.

आमचीही पुण्याला बदली झाली. एकदा काही कामासाठी मी एस.टी.ने मुंबईकडे चालले होते. घाट उतरून, खोपोली मागे टाकून गाडी सपाटीला लागली होती. कुंभिवलीच्या आसपास ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढे आदळलो. पुढे ट्रकची रांग, हॉर्नचा गोंगाट. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

हमरस्त्याच्या मधोमध ठमाकाकी उभी होती. पाठीत वाकलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातातली काठी ट्रकच्या तोंडासमोर आडवी धरलेली. तिच्या मागून गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया रस्ता ओलांडत होत्या, एकीमागून एक, सावकाश. कुणीही पळत नव्हतं. ट्रकवाला खिडकीतून हात बाहेर काढून शिव्या देत होता. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "ही म्हातारी रोजची हाय. हिच्यापुढं कुनाचं चालत नाय."

मी "काकी! काकी!" म्हणून ओरडले. तिला ऐकू गेलं नाही. तिचं लक्ष त्या ट्रकवर होतं.

"थांब की रं!" ती त्याला म्हणत होती. "अजून एक यायची हाय."

लांब बांधावरून एक गरोदर बाई भारा सावरत येत होती. ती येईपर्यंत सगळा रस्ता थांबून राहिला.